पडदा रंगवणाऱ्याचे नाव छापा, त्याचे मानधन द्या: संगीत महोत्सवांच्या आयोजकांना एका चित्रकाराचे खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर, सांगली, मिरज आणि परिसरातील संगीत महोत्सव, नाट्यसंस्था व सांस्कृतिक मंडळे यांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि विश्वस्त यांस,

स. न. वि. वि.

येत्या हंगामातील महोत्सवासाठी आपल्यापैकी एका संस्थेचे निमंत्रण मला आणि इथल्या आणखी काही चित्रकारांना आले आहे. गायन सुरू असताना आम्ही मंचाच्या कडेला बसून रसिकांसमोर चित्र रंगवावे, कॅनव्हास, रंग आणि ब्रश स्वतःचे आणावेत, मानधन मिळणार नाही परंतु मोठ्या रसिकवर्गापुढे प्रसिद्धी मिळेल, आणि पूर्ण झालेले चित्र संस्थेकडे राहील, असे त्यात लिहिले आहे. याच संस्थेने यंदापासून मंचामागचा रंगवलेला पडदा बंद करून तिथे एलईडी स्क्रीन उभारण्याचे ठरवले आहे. आजवर लावला जाणारा पडदा मी आणि माझ्या सहकाऱ्यांनी रंगवलेला होता. तो आता मंडपाच्या गोदामात खुर्च्यांवर झाकण म्हणून टाकलेला आहे, हे मला तिथल्या एका कामगाराने सांगितले. संस्थेने आम्हाला विचारले नाही, कळवले नाही, पडदा परत हवा आहे का एवढाही निरोप पाठवला नाही.

संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण एका संस्थेला जाब विचारण्यासाठी हे पत्र नाही. कमीअधिक फरकाने आपल्या सगळ्यांकडे चित्रकाराशी असेच वागण्याची रीत पडली आहे. ती रीत मला मान्य नाही, आणि ती का मान्य नाही हे आपल्या रसिकांनाही समजावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

माझा या प्रश्नाशी संबंध काय, ते आधी सांगतो. मी कोल्हापूरचा. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाचे बॅनर रंगवत हात तयार झाला, पुढे नाटकांचे पडदे आणि गणेशोत्सवाचे देखावे केले, आणि हे सर्व करता करता जमेल तशी व्यक्तिचित्रे व निसर्गचित्रे रंगवत राहिलो. फ्लेक्स आल्यावर पाट्यांचे आणि बॅनरचे काम संपले. माझ्या ओळखीचे कितीतरी चांगले पेंटर तेव्हा घरांच्या भिंती रंगवण्याकडे वळले, काही रिक्षा चालवू लागले. मी टिकलो तो मुख्यतः गाण्यामुळे आणि नाटकामुळे, कारण मैफलीच्या मंचाला पडदा लागत होता, गुरूंच्या पुण्यतिथीला तैलचित्र लागत होते, स्मरणिकेला मुखपृष्ठ लागत होते. गाणे ऐकत वाढलो ते वेगळेच. जयपूर घराण्याची गायकी मला शास्त्र म्हणून सांगता येणार नाही, पण त्या गायकीत तान वळते तेव्हा गायकाचा हात कसा वळतो, हे मी कागदावर उतरवू शकतो, आणि तेवढ्या अधिकाराने मी या क्षेत्राला माझे म्हणतो.

आता पडद्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या बैठकांत त्याला 'डेकोरेशन' या खात्यात टाकले जाते आणि मंडपवाल्याच्या बिलात त्याची नोंद होते. मैफलीचा पडदा आणि नाटकाचा पडदा यांत फरक असतो. नाटकात रस्त्याचा, जंगलाचा, महालाचा पडदा प्रसंग सांगतो आणि पात्रांच्या हालचालीबरोबर पाहिला जातो. मैफलीचा पडदा दोन-तीन तास एका बसलेल्या माणसाच्या मागे स्थिर असतो. म्हणून त्यातला कोणताही रंग गायकाच्या चेहऱ्यापेक्षा अधिक उठून दिसता कामा नये. तानपुऱ्यांच्या दांड्या ज्या उंचीवर येतात तिथे पार्श्वभूमी इतपत फिकी ठेवावी लागते की त्या काळसर रेषा शेवटच्या रांगेतूनही वेगळ्या दिसाव्यात. मादरपाटावर, म्हणजे जाड सुती कापडावर, सरसाचा हात देऊन त्यावर सरसातच कालवलेले पावडरचे रंग लावतात, कारण तो रंग वाळल्यावर चकाकत नाही आणि दिव्यांचा प्रकाश प्रेक्षकांच्या डोळ्यांवर परत फेकत नाही. ओला असताना रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर बराच उजळतो, तेव्हा उद्याचा रंग आजच ओळखून लावावा लागतो. एवढ्या मोठ्या कापडावर काम करताना चित्रकार स्वतः त्याच्या अगदी जवळ असतो, त्याला पूर्ण चित्र दिसत नाही. ते मागे जाऊन पुन्हा पुन्हा तपासण्यासाठी मोठी जागा लागते, आणि आम्ही ती शाळेचे सभागृह किंवा एखादे मंगल कार्यालय रिकामे असेल तेव्हा विनंती करून मिळवतो. हे सर्व डोक्यात ठेवून केलेले काम खुर्च्या आणि सतरंज्या यांच्याबरोबर एका ओळीत लिहिले जाते, याचे दुःख मला बिलाच्या रकमेपेक्षा अधिक आहे.

एलईडी स्क्रीन लावायला माझा विरोध नाही. मागे बसलेल्या रसिकांना गायकाचा चेहरा मोठा दिसावा म्हणून मंचाच्या दोन्ही बाजूंना स्क्रीन लावणे योग्यच आहे. परंतु गायकाच्या थेट पाठीमागे प्रकाश फेकणारी भिंत उभी केली की चेहरा काळवंडतो, म्हणून समोरचे दिवे वाढवावे लागतात, आणि त्या उष्णतेत गायकाने व साथीदारांनी बसावे लागते. त्या स्क्रीनवर सरकणारे ढग, उमलणारी कमळे आणि प्रायोजकांची चिन्हे विलंबित ख्यालाच्या मागे चालू असतात, हे आपण स्वतः समोर बसून एकदा पाहावे. निर्णय घेताना एखाद्या चित्रकाराला किंवा प्रकाशयोजनाकाराला बैठकीस बोलावले असते तर ही गोष्ट पाच मिनिटांत लक्षात आली असती.

आपल्या भागात चित्रकार हा गाण्याच्या दारात आलेला आश्रित नव्हता, हे मला आपल्याला आठवण करून द्यायचे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी जयपूर घराण्याचे गायक अल्लादिया खाँसाहेब यांना कोल्हापूर दरबारी आणले आणि त्याच दरबारात आबालाल रहिमान यांना चित्रकार म्हणून नेमले. एकाच राजाने गायक आणि चित्रकार या दोघांनाही आश्रय दिला, आणि एकाचे काम दुसऱ्याच्या कामाची सजावट आहे असे त्याला वाटले नाही. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी रंगवलेल्या पडद्यांची कीर्ती पश्चिम भारतभर होती, गुजराती व पारशी रंगभूमीवरूनही त्यांना बोलावणी येत. आनंदराव १९१६ साली गेले. चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः तयार करण्याचा त्यांनी घेतलेला ध्यास बाबूरावांनी पुरा केला आणि त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. आनंदरावांच्या हाताखाली चित्रकलेत तयार झालेले विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल पुढे १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या स्थापनेत होते. गाणाऱ्या नटाच्या मागचा पडदा रंगवणाऱ्या हातांतून कोल्हापूरचा सिनेमा निघाला, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असायला हवे. आपल्या प्रास्ताविकांत दरवर्षी कोल्हापूरसाठी 'कलापूर' हा शब्द येतो. तो उच्चारताना या माणसांची नावे घेतली जातात, आणि आजच्या त्यांच्या वारसांना मात्र मंडपवाल्याच्या यादीत बसवले जाते.

माझी पहिली तक्रार मानधनाची आहे. आपल्या महोत्सवात मुख्य गायकाला बिदागी मिळते, तबला, संवादिनी आणि तानपुऱ्याच्या साथीदारांना पाकीट मिळते, निवेदकाला मिळते, ध्वनिव्यवस्था, दिवे, मंडप, छपाई आणि भोजन यांची बिले दिली जातात. ज्याला काहीच दिले जात नाही असा माणूस बहुधा एकटा चित्रकार असतो, आणि त्याला शाल-श्रीफळ देऊन ही बाब मिटली असे समजले जाते. साथीदारांचे मानधनही पुरेसे नसते, हे मला माहीत आहे, आणि त्यांच्याशी माझी स्पर्धा नाही. मात्र तबलजीला 'आपण प्रसिद्धीसाठी वाजवा आणि जाताना तबला आमच्याकडे ठेवून जा' असे आपण कधी म्हणणार नाही. चित्रकाराला मात्र हेच छापील पत्रावर लिहून पाठवले जाते. मंचावर रंगवलेली अशी चित्रे पुढे प्रमुख पाहुण्यांना किंवा देणगीदारांना भेट म्हणून दिली जातात, क्वचित त्यांचा लिलावही होतो, आणि ती कोणाच्या भिंतीवर गेली हे चित्रकाराला कळत नाही.

दुसरी तक्रार नावाची आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत गंभीर आहे. निमंत्रणपत्रिकेवर आणि स्मरणिकेत देणगीदारांची नावे असतात, मंगल कार्यालयाचे नाव असते, रांगोळी काढणाऱ्या मुलींची नावेही असतात आणि ती असायलाच हवीत. ज्याने रंगवलेले तैलचित्र मंचावर ठेवून दीपप्रज्वलन होते त्या चित्रकाराचे नाव नसते. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर माझे चित्र छापून आतल्या पानावर 'मुखपृष्ठ' या शब्दापुढे छापखान्याचे नाव दिलेले मी पाहिले आहे. हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने मानधन सन्मान योजना आहे. तिच्यात दरमहा ५००० रुपये मिळतात, परंतु अर्जासोबत कलाक्षेत्रातील आपल्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. गायक कार्यक्रमपत्रिका जोडतो, नट नाटकाची जाहिरात जोडतो. ज्या पडदे रंगवणाऱ्याचे नाव आयुष्यभर कुठल्याच पत्रिकेवर छापले गेले नाही, त्याने काय जोडावे? माझ्याहून वयाने मोठे असलेले एक पेंटर, ज्यांच्या पडद्यांसमोर या भागातले नामवंत गायक-नट उभे राहिले, आज कामाचे पुरावे नाहीत म्हणून अर्ज करू शकत नाहीत. आपण एक ओळ छापली नाही, त्याची किंमत त्यांना म्हातारपणी मोजावी लागते आहे.

कायद्याची बाजूही इथे नीट मांडतो, कारण या विषयात दोन्ही बाजूंना गैरसमज आहेत. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्राचा प्रताधिकार, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाऱ्याकडे जातो. तेव्हा पूर्ण मोबदला देऊन तयार करवलेले गुरूंचे तैलचित्र आपण पत्रिकेवर पुन्हा छापले तर मी त्याला हरकत घेऊ शकत नाही, हे मला मान्य आहे. ज्या चित्राचा एक रुपयाही दिला नाही त्यावर मात्र हा नियम लागू होत नाही, हे आपणही मान्य करावे. शिवाय याच कायद्याचे कलम ५७ सांगते की प्रताधिकार दुसऱ्याकडे गेल्यानंतरही कृती आपली आहे असे सांगण्याचा आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशा तिच्या मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क कलावंताकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकण्यात आले होते. त्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा निकाल दिला. मला कोणालाही न्यायालयात खेचायचे नाही. पडदा न लावण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, तोही याच कायद्यात आहे. पण जे काम नको झाले ते ज्याने केले त्याला परत देणे एवढे तरी आपण करू शकतो.

यातूनच तिसरी तक्रार येते, ती जपणुकीची. रंगवलेला पडदा घडी घालून ठेवला की घडीवर रंगाला चिरा जातात आणि पुढच्या वेळी उलगडताना तो पापुद्र्यांनी गळतो. तो लांब बांबूवर किंवा पाइपवर गुंडाळून, जमिनीपासून वर, कोरड्या जागी ठेवायचा असतो. सरसाला ओल लागली की बुरशी धरते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात एका वर्षाचे दुर्लक्षही पुरते. यासाठी पैसे फारसे लागत नाहीत, एक छताखालची कोरडी भिंत आणि सांगितलेले लक्षात ठेवणारा माणूस लागतो. याची काळजी घेतली गेली नाही, म्हणून संगीत नाटकांच्या काळातले पडदे आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही पाहायला मिळत नाहीत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, संगीत रंगभूमीवरचे गायक-नट केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्या नावाचे नाट्यगृह जळाले तेव्हा सगळे कोल्हापूर रस्त्यावर येऊन रडले. मीही त्यात होतो. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेली ती वास्तू आगीने नेली. आगीपुढे माणसाचे काही चालत नाही, पण ओल, उंदीर आणि बेफिकिरी यांच्यापुढे चालते.

चित्रप्रदर्शनाच्या जागेबद्दल एवढेच लिहितो की, महोत्सवात चित्रे लावायला सांगून ती खाद्यपदार्थांच्या गाड्यांशेजारी, वाहनतळाच्या वाटेवर, उघड्यावर मांडायला लावू नयेत.

आपली बाजू मला ठाऊक नाही असे नाही. आपल्यापैकी बहुतेक जण नोकरी-धंदा सांभाळून, पदरमोड करून, दारोदार वर्गणी मागून हे महोत्सव चालवतात. तिकिटांवर खर्च निघत नाही, प्रायोजक शेवटच्या क्षणी हात आखडता घेतात, आणि तरीही मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणे होते, कोल्हापुरात देवल क्लबसारखी १८८३ पासूनची संस्था उभी आहे, हे कार्यकर्त्यांच्या निष्ठेमुळेच. त्या निष्ठेबद्दल मला मनापासून आदर आहे. परंतु पैसे नसल्यामुळे चित्रकाराला देता येत नाहीत, हे म्हणणे एलईडी स्क्रीनच्या भाड्यापुढे टिकत नाही. ते भाडे रोजच्या हिशेबाने दिले जाते आणि कार्यक्रम संपल्यावर हातात काही उरत नाही. रंगवलेला पडदा नीट ठेवला तर कित्येक वर्षे वापरता येतो. निधी कमीच असेल तर चित्रकाराला बोलावू नका. न बोलावण्याचे मला वाईट वाटेल, पण अपमान वाटणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. चित्रकाराला मंचावर बोलवायचे असेल तर त्याचे मानधन साथीदारांच्या मानधनाप्रमाणेच अंदाजपत्रकात वेगळे दाखवावे, साहित्याचा खर्च संस्थेने करावा आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. मंचावर रंगवलेले चित्र चित्रकाराच्या मालकीचे राहावे. संस्थेला ते हवे असल्यास किंमत ठरवून विकत घ्यावे, आणि लिलाव करायचा असल्यास चित्रकाराची लेखी संमती घेऊन त्याचा वाटा आधी ठरवावा.

निमंत्रणपत्रिका, स्मरणिका, फलक आणि समाजमाध्यमे यांवर जिथे चित्र, पडदा किंवा तैलचित्र दिसेल तिथे चित्रकाराचे नाव द्यावे. मागील वर्षांच्या ज्या कामांची माहिती संस्थेच्या दप्तरात किंवा जुन्या सभासदांच्या आठवणीत आहे, त्या कामांबद्दल चित्रकारांना संस्थेच्या शिक्क्यानिशी पत्र द्यावे. वृद्ध पेंटरांच्या बाबतीत हे काम याच महिन्यात सुरू करावे, कारण त्यांच्याकडे वेळ कमी आहे. या एका मागणीला एक पैसाही लागत नाही, म्हणून ती नाकारण्याचे कोणतेही कारण मला मान्य होणार नाही.

आपल्या ताब्यातील सर्व रंगवलेल्या पडद्यांची व तैलचित्रांची यादी करावी, त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि जे नको असेल ते टाकून देण्यापूर्वी चित्रकाराला किंवा त्याच्या कुटुंबीयांना लेखी कळवावे. गोदामात पडलेला आमचा पडदा आम्हाला परत द्यावा. वाहतुकीचा खर्च आम्ही करू, दुरुस्तीही आम्हीच करू.

आणखी एक विनंती आहे. जळालेल्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या पुन्हा उभारणीच्या बाबतीत आपल्या संस्थांचा शब्द ऐकला जातो. तिथे रंगवलेले पडदे टांगता येतील अशी सोय आणि ते गुंडाळून ठेवता येतील अशी कोरडी, लांब खोली असावी, असा आग्रह आपण धरावा. ती खोली कुठे असावी आणि किती लांब असावी, हे सांगायला इथले पेंटर विनामोबदला येतील. मीही येईन.

वर उल्लेख केलेले निमंत्रण मी स्वीकारलेले नाही, आणि ज्यांना ते आले आहे अशा चित्रकारांपैकी ज्यांच्याशी माझे बोलणे झाले त्यांनीही या अटींवर न बसण्याचे ठरवले आहे. महोत्सवांच्या पत्रिका दिवाळीनंतर छापायला जातात. त्यापूर्वी या मागण्यांवर आपल्या कार्यकारिणीत चर्चा व्हावी आणि झालेला निर्णय, तो कोणताही असो, लेखी कळवावा. चर्चेला बोलावल्यास आम्ही कधीही यायला तयार आहोत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कोल्हापूरचा एक चित्रकार